पदनाम

माझ्या पदवीच्या मागच्या बाजूला आता
पुढच्यापेक्षा जास्त मजकूर आहे.
मुंबईचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, वकिलातीचा स्टिकर,
आणि शेवटी इथला, जांभळा, घाईत तिरका मारलेला.
एवढ्या लोकांनी कबूल केलंय
की मी स्थापत्य अभियंता आहे.
कुणी कामाला लावलं की झालं.

केतकी, तुझा मेसेज तीनदा ऐकला.
तिकडं यावं का, विचारतेस.
मागं तुझ्या घरचा कुकर वाजत होता,
मी शिट्ट्या मोजत बसले.

शारजा म्हटलं की बाबांना अजून क्रिकेटच दिसतं.
खिडकीतून स्टेडियम दिसतं का गं?
खिडकीतून दिसते शेजारच्या एसीची पाठ
आणि तिच्याखाली ठेवलेली, थेंबाथेंबानं भरणारी बादली.
रोलाच्या या खोलीत सहा पलंग आहेत, माझा वरचा.
खालचा झुलेखा परकारचा. खेडची, बी.फार्म.
तिचे आजोबा बहरीनला, वडील कुवेतला, चुलते जहाजावर.
"आमच्याकडं पोरगा पासपोर्ट घेऊनच जन्मतो," म्हणते,
"पोरींचं मात्र नवीन आहे, सगळे बघतायत."

कोट दोघींत एकच.
ज्या दिवशी तिची मुलाखत, त्या दिवशी मी फोनवर.
एकदा खिशात तिचं टोकन सापडलं, एकशे अठरा,
आणि अर्धी चावलेली लवंग.
बूट पिशवीत, पायात चप्पल,
कंपनीच्या कोपऱ्यावर बदलायचे,
घाम पुसायचा, मग आत.

अल कूझला एका जागेसाठी अडीचशे माणसं होती.
सावली गोदामाच्या भिंतीला चिकटून, हातभर रुंद,
आणि आम्ही सगळे इंजिनिअर त्या हातभरात,
ओळीनं, पाठ टेकून, फायली छातीशी धरून.
आत एकच प्रश्न झाला.
गल्फचा अनुभव?
नाही.
मग अनुभव घेऊन या.
कुठून आणू, सर?
तोंडातून निघून गेलं.
टेबलापलीकडचा मल्याळी माणूस हसला,
चष्मा काढून म्हणाला,
मीही हेच विचारलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी.
मग चष्मा लावला
आणि पुढचं नाव वाचलं.

साठ दिवसांचा व्हिसा.
एक्केचाळिसाव्या दिवशी झुलेखा परीक्षा नापास झाली,
दोन गुणांनी. त्या रात्री तिनं भाकऱ्या केल्या,
तांदळाच्या, कागदासारख्या पातळ,
आणि सहाही पलंगांना वाढल्या. कुणी काही विचारलं नाही.
त्रेपन्नाव्या दिवशी मला काम मिळालं
आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर,
टायपिंग सेंटरमध्ये. मालक म्हणाला, बोटं चांगली चालतात तुझी.
व्हिसा करतो. पदनाम: टायपिस्ट.
घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे.
खोटं नाही ते. ऑफिस आहे, काम आहे.

दिवसभर मी इतरांची नावं लिहिते.
वडिलांचं नाव, जन्मगाव, धर्म, पदनाम.
पदनामाची यादी ठरलेली असते, त्यातलंच निवडायचं,
आणि माणूस काउंटरपलीकडून पडद्याकडं बघत राहतो,
जणू आपण काय आहोत ते तिथं उमटणार आहे.

काल एक पोरगा आला. उमरग्याचा, सोपान बिराजदार.
अर्जात हेल्पर. बाकी सगळं भरून झाल्यावर
हळूच मराठीत म्हणाला, ताई, बी.कॉम. कुठं बसतंय का बघा.
रकाना नव्हता.
मी शेऱ्यात टाकलं, मशीननं लाल केलं.
पुन्हा टाकलं. पुन्हा लाल.
म्हटलं, थांब, तुझा बायोडेटाच करून देते, पैसे नकोत.
पहिल्या ओळीत लिहिलं, ठळक अक्षरांत.
त्यानं वाकून वाचलं, खूश झाला,
मग मान हलवली.
ठळक नको, ताई. साधंच राहू दे.
लई शिकलेला दिसलो तर घेत नाहीत.

मी ठळक काढलं.
फाइल त्याच्या नावानं सेव्ह केली.
तो गेल्यावर दुकानात कुणी नव्हतं.
माझीही उघडली.