पाठमोरी

आमच्या घरात मुलं सात आणि स्कूटी एक.
थोरल्या जावेची तीन, माझी दोन, धाकटीची जुळी.
कोण कुठं गेलंय ते चपला मोजून कळतं.
ओट्यावर छोट्या चपला चौदा झाल्या
की समजायचं, दिवस संपला.

जाऊबाई मळ्यात, धाकटी पतपेढीत,
खेमचंद भाऊजी पहाटेपासून केळीचे ट्रक भरतात,
हे त्यांच्यासोबत वजनाला.
म्हणून वेळापत्रक माझ्याकडे.
गव्हाच्या कोठीवर चिकटवलंय,
खताच्या कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर:
निळ्या शाईत शाळा,
लाल शाईत परीक्षा,
आणि पुढं ढकलता येईल ते पेन्सिलीनं.
पेन्सिलीचंच जास्त आहे.
काही चौकोन खोडून खोडून
कागदाला भोक पडलंय.

गुंजनला तबला शिकायचा होता.
तबल्याचे सर रावेरला.
रावेर म्हणजे बस, बस म्हणजे सोबत,
सोबत म्हणजे लोचनचा अबॅकस बुडणार.
मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.
ती आता पिठाच्या डब्यावर वाजवते.
मी ऐकत राहते, अन् फोडणी करपते.

स्कॉलरशिपचं गणित मला येत नाही.
हर्षलनं विचारलं, काकू, काटकोन म्हणजे?
तव्यावरून उतरलेली कळण्याची भाकर
चतकोर चतकोर करून त्याच्यापुढं ठेवली.
त्यानं एक काटकोन ठेच्यासोबत खाल्ला.
चाचणीत त्याला तेवढंच बरोबर आलं.

त्या मंगळवारी जुळ्यांना पोपट व्हायचं होतं,
म्हणजे दुसऱ्या दिवशी, गॅदरिंगमध्ये.
सावद्याच्या बाजारात हिरवा क्रेप कागद संपलेला.
शेवटी जाऊबाईंच्या जुन्या परकराचे पंख कापले.
दिवे गेले, आले.
पोपट भांडले.
ताटं वाढली, सात.
सहा मुलं जेवत होती.
सातव्या ताटातलं भरीत गार होत होतं
आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही,
कारण ज्याला त्याला वाटलं
दुसऱ्याला ठाऊक असेल.

पूर्वेश. जाऊबाईंचा तिसरा. नऊ वर्षांचा.
चित्रकलेचा क्लास फैजपुरात,
सुटतो सहाला.
आठ वाजून गेले होते.

स्कूटी काढली.
हायवेवर समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांत,
दोन्ही बाजूंना केळीच्या बागांचा ओला अंधार.
मी मोठ्यानं काहीतरी बोलत होते,
देवाला की स्वतःला, आता आठवत नाही.

क्लासला कुलूप होतं.
तो पायरीवर बसलेला,
मांडीवर दप्तर, दप्तरावर फळी,
शेजारी सरांच्या बायकोनं दिलेली
चहाची रिकामी बशी.
रडला नव्हता.
रडला असता तर बरं झालं असतं.

म्हणाला, मले वाटलं,
आज मी पेन्सिलीत असन.

मी खाली बसले, त्याच्याच पायरीवर.
बोलायला काही नव्हतं, म्हणून चित्र बघितलं.
आमची स्कूटी, फुटलेल्या आरशासकट.
रस्ता. हॅण्डलला भाजीची पिशवी.
चालवणारी बाई पाठमोरी,
वेणी, वेणीतून सुटलेले केस,
ब्लाउजच्या शिवणीला लावलेली सेफ्टीपिन
अगदी जिथल्या तिथं.
म्हटलं, तोंड कुठं रे माझं?

ते मले कुठी दिसते, काकू?
मी तं मागं ऱ्हातो.

त्याला पुढं उभं केलं.
पण आता तो तिथं मावत नाही,
त्याच्या डोक्यापलीकडचा रस्ताच दिसेना.
शंभर पावलांवर थांबले,
पुन्हा मागं बसवला.
म्हटलं, बोलत राह्य माझ्याशी.
हो म्हणाला, आणि बोलला काहीच नाही.
अर्ध्या वाटेत त्याचं कपाळ
माझ्या पाठीवर टेकलं,
त्या सेफ्टीपिनेच्या जरा बाजूला,
आणि मी वेग कमी केला.

घरी पोपटांच्या लाल चोची
अजून चिकटवायच्या राहिल्या होत्या.