छिद्ररेषा

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये अप्पा
तिकिटांच्या तावांना छिद्रं पाडायचे. एकतीस वर्षं.
सुटताना फाटकावर झडती,
त्यामुळे देशाचं एकही तिकीट घरी आलं नाही.
आली ती परकी,
रविवार कारंज्यावरच्या दस्तगीरभाईंकडून, चहाच्या पैशांत.

एका पानावर सहा वसाहती:
व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, टास्मानिया...
राणी तीच, तरी वेशीवर जकात,
आणि रुळांची रुंदी निराळी म्हणून
अपरात्री गाडी बदलायची, पेंगुळलेली पोरं खांद्यावर.
"आपलं मनमाडच की," अप्पा म्हणायचे.

"मग दहा वर्षं भांडले. कौल घेतला, पुन्हा घेतला.
राजधानी कुणाच्या दारात यावर अडले,
तर नेऊन ठेवली मेंढरांच्या माळावर!"

पुढच्या पानावर एकच नकाशा,
आत कांगारू.
"मग ते सहा कुठं गेले?"
अप्पांनी आईची सुई घेतली,
माझ्या गणिताच्या वहीत टोचत गेले.
"दाट टोचलं तर हातात येण्याआधीच सुटतं.
विरळ टोचलं तर ओढताना चेहरा फाटतो.
हे अंतर जमलं, की ताव."

"आणि ही कोरी कड?"
"ती मोजत नाहीत."

त्या मातीतल्या मूळ माणसांना
नव्या देशाच्या शिरगणतीत धरलंच नव्हतं,
हे मी वाचलं, तेव्हा अप्पा नव्हते.

वही आहे अजून.
उजेडाला धरते.
बेरजेच्या मधोमध भोकांची रांग,
कडेपर्यंत न पोचलेली.