दाब

तंबाखू? डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते हेच.
नाही.
मिश्री?
नाही हो. तोंडात धरली ती टाचणी,
चाळीस वर्षं, एका वेळी चार-पाच.

गाठीचा तुकडा तपासायला गेला,
कागद आला, त्यात एक चूक सापडली
आणि सगळे जरा खूशच झाले.
"चूक सापडली म्हणजे गोळी सापडली," डॉक्टर ओसवाल म्हणाले,
"बरोब्बर या चुकीच्या मापाने शिवलेली."
शिवलेली हा शब्द माझा.
ते टार्गेटेड की काय म्हणाले होते.

रोज एक, रिकाम्या पोटी.
महिन्यात खोकला गेला. जिना चढून दुकान उघडलं,
नारायण पेठेतलं, सायकलवाल्याच्या डोक्यावरचं.
चेहऱ्यावर पुरळ, नखांच्या कडा चिरलेल्या;
रेशीम बोटाला अडकायचं, धागा निघायचा,
म्हणून खणाची कामं हलीमाकडे दिली
आणि मी सुती अस्तरं कापत बसले.
चौदा महिने ती गोळी अशी अंगाबरोबर बसली
की कुठे चुणी नाही.

मग पाठीत कळ.
या वेळी नुसतं रक्त घेतलं, दोन नळ्या.
गाठीच्या चिंध्या रक्तातही सापडतात म्हणे,
दुकान झाडताना सापडतात तशा.

ओसवालांनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं:
एक खोबण, खोबणीत गोळी.
"सातशे नव्वदाव्या जागी एक मणी होता.
तो गेला, तिथे जरा जाडा मणी आला.
एवढंच."

एवढंच.
एवढंच तर असतं नेहमी.
पाटणकर वहिनी मागच्या दिवाळीच्या मापावर ब्लाउज टाकतात
आणि हळदीकुंकवाच्या दिवशी धापा टाकत येतात,
बगलेत बसत नाही, कापड आटलं तुमचं.
वहिनी, कापड तेच आहे.

मी विचारलं, "पण तिला कळलं कसं, गाठीला?"
"तिला काही कळत नाही.
लाखो पेशी. त्यात एखादी आधीपासूनच तशी असते,
नाहीतर वाढता वाढता टाका चुकतो.
गोळी बाकीच्यांना मारते, ती उरते.
मग तीच वाढते."
म्हणजे निवड गोळीच करत होती.
आणि मी रोज सकाळी
वरून पाणी पीत होते.

दुसरी गोळी महाग.
ऋजुताने स्कूटर विकली, म्हणाली जुनीच होती.
हिला एका कडेला हूक आहे,
एकदा अडकला की सुटत नाही.
हे मात्र मला सांगावं लागलं नाही;
बोहरी आळीतून कागदावर टाचलेले हूक
मी डझनाने आणते.
एकवीस महिने टिकला.
दोन दिवाळ्या, हलीमाच्या धाकट्याची दहावी.

आणि आता सातशे सत्त्याण्णव.
सात जागा पुढे, फक्त सात.
हा मणी जाडा नाही, जवळजवळ तसाच,
फक्त त्याला फास नाही.
हूक येतो, चाचपतो,
अंधारात पाठीमागे हात नेऊन बाई चाचपते तसा,
आणि दोऱ्याचं घर असायचं तिथे
सपाट कापड.

डॉक्टर बोलत राहिले: केमो, किंवा
चाचणीतलं एक काहीतरी,
त्याला अजून नाव नाही, नंबर आहे.
मोजपट्टी माझ्या गळ्यातच राहिली होती दुकानातून निघताना.
त्यांनी पाहिली. काही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी हलीमा खडू घेऊन बसलेली,
पुढ्यात मोरपंखी खण, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा.
"ताई, माप मागच्या वेळचंच धरू?"
"नको. बोलव तिला."
"आणि आत दाब किती सोडू?"
मी कापडावर बोटं ठेवली.
दोन, म्हणाले. मग तिसरंही टेकवलं.
उचलायला गेले तर रेशीम अडकलं,
आणि आम्ही दोघी दिव्याखाली
तो एक धागा सोडवत बसलो.