शहर आवृत्ती

रात्री अकरा चाळीसला वारगडेंचा फोन.
गुन्हे शाखेतून त्यांना, त्यांच्याकडून मला :
उद्या पहाटे सहाला उचलणार आहेत,
आंबेगाव पठार, तिसरा मजला, पतसंस्थेचा कारकून.
कलमं अजून ठरायचीत, तू नाव घे.
हणमंत भिंताडे.
अनुस्वार विसरू नकोस,
मागच्या वेळी एकाचा राहिला तर साहेब चिडले होते.

मी विचारलं, वाक्य कसं करू? 'अटक करणार'?
वारगडे हसले.
अरे, लोक वाचतील तोवर झालेलीच असेल की.
'केली' लिही.

बारा वाजून दहा मिनिटांनी
एका झोपलेल्या माणसाला मी भूतकाळात अटक केली.
तो तेव्हा कुशीवर असेल, पंखा तीनवर,
सकाळसाठी दुधाची पिशवी दाराला टांगलेली, रिकामी.

मथळा दोन कॉलमांत बसेना.
'संशयित' काढला की बसत होता.
काढला.
ते बटण फार हलकं आहे, घासून त्याच्यावरचं अक्षरही गेलंय.

नांदेड फाट्याला छपाई, तीनला टेम्पो,
पाचला अप्पा बळवंतच्या फुटपाथवर
जांभया देत पुरवण्या घालणारी पोरं.
मी घरी जाऊन झोपलो. चांगली झोप लागली.

सव्वा वर्षानं तो कचेरीत आला,
खांद्याला शबनम, शर्टाला इस्त्री.
पाणी विचारलं तर नको म्हणाला.
म्हणाला, त्या दिवशी दूध आणि पेपर एकदमच आले.
मी पिशवी कापायला कात्री शोधत होतो.
ही म्हणाली, अहो, तुम्हाला अटक झालीय.
आम्ही हसलो. वाटलं, असेल दुसरा कुणी.
मग पठार वाचलं, मग पतसंस्था,
तेवढ्यात बेल वाजली.
दारात चौघं, जिन्यात कॅमेरे,
खालच्या पायरीवरून कुणीतरी ओरडत होतं,
चेहरा इकडे करा, उजेड कमी आहे!
साहेबांच्या काखेत तुमचाच पेपर होता.

दुपारी सोसायटीच्या चेअरमननं
गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक मागवून घेतलं.
बाकी पुष्कळ आहे, म्हणाला, ते राहू दे.

मग पत्ता विचारावा तसं विचारलं,
तुम्हाला माझ्याआधी कसं कळलं?

मी टेबलावरचा कागद वाचत राहिलो.
दोषारोपपत्र नाहीच. 'क' समरी. कोर्टाचा गोल शिक्का,
खाली टायपिस्टनं बडवलेलं नाव : हणमंत भिताडे.
त्यानं बोट ठेवलं. इथे टिंब राहिलंय.
सुटलाय तो भिताडे.
भिंताडे अजून तुमच्याच बातमीत आहे,
अगदी बरोबर छापलाय तुम्ही.

देतो, म्हटलं. उद्याच देतो.

सातव्या पानावर 'गुरुवारी पाणी नाही'च्या खाली
चार ओळींची जागा मिळाली.
नाव घेतलं असतं तर पाच झाल्या असत्या.
एका कॉलमाचा मथळा, वारगडेंनीच सुचवला :
'संशयिताला दिलासा'.

शब्द आरामात बसला.