साडेचार फूट

म्हादई ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी
मी सोनाळला पोचले,
टेप, पेन्सिल, पंचनाम्याचे कोरे कागद
आणि चपला हातात.

चंद्रावती गावस यांच्या भिंतीवर
पाण्यानं आपली उंची स्वतःच लिहून ठेवली होती,
चुलीच्या वर, देव्हाऱ्याच्या खाली,
कॅलेंडरातल्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत.
मी टेप लावला. साडेचार फूट.
"पांच बरय गो बाय," त्या म्हणाल्या,
"अर्धो फूट कोण विचारता?"
मी साडेचारच लिहिलं.

दुपारी पर्वरीहून उल्हासचा फोन.
मावसभाऊ. दोन स्क्रीनसमोर बसतो,
निफ्टीचं नाव घरातल्या मुलासारखं घेतो.
"किती घरं गेली? साकव? रस्ते?
गुपित नको, नुसता अंदाज दे.
अनुदान जाहीर झालं की पत्रे लागणार, सिमेंट लागणार.
पुरानंतरची तिमाही नेहमी हिरवी असते, बघ तू."

हिरवी.
समोर चिखलात पोफळीची रोपं आडवी पडली होती
आणि न्हानू झोरे मेलेल्या म्हशीच्या पायाला दोर बांधून
ओढत होता. एकटाच.

आकडा मी दिला नाही.
हे आधी लिहून ठेवते,
कारण पुढचंही लिहायचं आहे.

त्या रात्री वाळपईच्या खोलीत वीज आल्यावर
पत्र्याच्या कंपनीचे वीस शेअर मी घेतले.
कुणी सांगितलं नव्हतं. सगळं माझ्याच वहीत होतं:
त्रेसष्ट छपरं, अकरा गोठे, एक बालवाडी.

माझे साडेचार फूट वाळपईहून पणजीला गेले,
तिथं त्यांचे लाख झाले, लाखांचे कोटी,
कोटींची बातमी,
बातमीचे साडेसहा टक्के.
वाटेत कुठेच ते ओले नव्हते.

चवथीच्या आधी मी विकून टाकले.
नफा, एक हजार एकशे बारा.

त्याच आठवड्यात चंद्रावतीबाईंची फाईल परत आली.
घर मुंडकाराचं, नोंद नाही.
जमीन भाटकाराची, भाटकार लिस्बनला,
किंवा मेलेला, गावात कुणाला ठाऊक नाही.
घरपट्टी सासऱ्याच्या नावे,
आणि सासरा अठ्ठ्याण्णव साली गेलेला.
"उदकान विचारलें ना गो," त्या म्हणाल्या,
"घर कोणाच्या नांवार तें."
हे लिहायला अर्जात रकाना नव्हता.

चवथीला गेले तर ताडपत्रीखाली माटोळी बांधलेली,
पाच नारळ, एक तवसं, रानातली कांगलां.
भिंत नव्यानं सारवली होती,
रेघ मात्र तशीच ठेवली होती,
पुन्हा कुणी मापायला आलं तर असावी म्हणून.
हळदीच्या पानातल्या दोन पातोळ्या
त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या.
पर्समध्ये पाकीट होतं. ते तिथंच राहिलं.
काय म्हणून देणार होते?
अनुदान?
लाभांश?

परतताना वाळपईच्या बाजारात
पत्र्याचा भाव विचारला. तोही चढला होता.
एक हजार एकशे बारात
हिशेबानं बसतो दीड पत्रा.

दुकानदारानं माझ्याकडे, मग पाकिटाकडे पाहिलं.
"अर्धो मेळना, बाय."