चौदावी खोली

जानेवारीत भुसावळहून आणला तो,
मुख्तार मन्यारच्या भंगारातून, अकराशेला.
चार्जर वर फुकट, तोही दुसऱ्याच कंपनीचा.
बिजागरी तुटकी, आणि नेमकी ती कळ गायब
जिच्यावर ल आणि ळ राहतात.
म्हणजे सावद्यात बसून केळी लिहायचं
तर उघड्या रबरी बोंडावर नख दाबायचं.

दिवसा मी पिकवण केंद्रात तापमान लिहितो.
सतरा अंश, सतरा अंश, साडेसतरा,
दर दोन तासांनी, लाल वहीत.
फेब्रुवारीत दीडशेचा सेन्सर जोडला,
तीस ओळींचा प्रोग्राम लिहिला,
आता आकडे आपोआप पडद्यावर येतात
आणि मी ते बघून वहीत लिहितो.
झोपेशेठना वहीच लागते.

मे महिन्यात पत्र्याखाली सेहेचाळीस.
लॅपटॉप माठाच्या तिवईवर, खाली ओलं पोतं,
तरी दुपारी उठून जायचा, जेवणावरून रुसून जावं तसा.
मग वाचत बसायचो.
अकरा पुस्तकं आणली, चार पुरी झाली.
एक ताऱ्यांवरचं होतं, शेवटची सोळा पानं नसलेलं.
वाचनालयातल्या बऱ्हाटेबाई म्हणाल्या,
याचा शेवट कुणालाच माहीत नाही, तरी नेतात लोक.
ब्याण्णव पानावर एसटीचं तिकीट, फैजपूर ते सावदा, साडेतीन रुपये.
ते तिथेच राहू दिलं.
वाचत आलेला तिथेच उतरला असणार.

दादा लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचे.
सात कॅसेटी निघाल्या माळ्यावर.
दोनांना बुरशी, एकीत कुठल्याशा निवडणुकीचा प्रचार.
खरखर काढणारा फुकटचा प्रोग्राम मिळतो:
नुसत्या खरखरीचा तुकडा दाखवायचा,
हे काढ म्हणायचं. तो काढतो.
त्याने दादांचा श्वासही काढला,
फुंकण्याआधीचा, ओठांच्या कडेने आत ओढलेला.
त्याची चूक नाही. नमुना मीच दिला होता.
भावाला पुण्याला ती स्वच्छ फाइल पाठवली.
भारी आलंय, म्हणाला.
दुसरी माझ्याकडे आहे.
तीत तेविसाव्या मिनिटाला कुणी म्हणतं,
चहा सांग रे भो, आन् साखर कमी.
दादा गोडच प्यायचे. म्हणजे तो दुसरा कुणी.

विकतचे खेळ या यंत्राला झेपत नाहीत.
म्हणून एक स्वतःच लिहायला घेतला, नुसत्या शब्दांचा.
तुम्ही पिकवण केंद्रात आहात. वीज गेली आहे.
खोल्या चौदा, कंदील एक.
‘उत्तरेला जा’ लिहिलं की उत्तरेला,
‘दार उघड’ लिहिलं की दार.
दिवाळीपर्यंत तेरा खोल्या झाल्या.
चौदावीत काय असावं ते सुचेना.
खजिना ठेवला, काढला.
साप ठेवला, तोही काढला.
एकदा झोपेशेठ ठेवले होते, रात्रभर.

डिसेंबरात भाऊ आला.
अंगणात तूरकाठ्यांवर भरिताची वांगी,
आत तेजल, त्याची नऊ वर्षांची,
कळांवर मी पेनाने लिहिलेली अक्षरं शोधत शोधत
तेरा खोल्या पार.
चौदावीच्या दारात तिने बराच वेळ थ शोधला
आणि लिहिलं: थांब.
यंत्र म्हणालं: ही आज्ञा मला समजत नाही.
काका, याला थांबता येत नाही?

चाळीस क्रियापदं शिकवली होती मी त्याला.
घे, ठेव, फोड, पेटव, चढ, मोज, विक.

हातांचा धुरकट वास तसाच ठेवून
रात्री कोड उघडला.
चौदाव्या खोलीत आता काही नाही.
कुणी थांब म्हटलं तर यंत्र लिहितं:
तुम्ही थांबता. अंधारात केळी पिकत आहेत.
पुन्हा म्हटलं तर:
तुम्ही थांबता.
तिसऱ्यांदा म्हटलं तर काय,
ते अजून लिहिलेलं नाही.