बर्फावर अंतरपाट

मल्लिनाथ,
बैस जरा त्या भुशाच्या पोत्यावर,
पायाखालचं पाणी चुकव
आणि ऐक. हिशेब माझ्याकडे आहे.

बाहेर त्रेचाळीस अंश.
अक्कलकोट रोडला कुत्रीसुद्धा ट्रकखाली शिरलीत.
इथं मात्र तुझ्या साच्यांतून थंड धूर उठतो,
अमोनियाचा वास नाकात जातो आणि मला हुशारी येते.
तूच म्हणाला होतास, लादीला आकडा मारता मारता,
"करायचंच तर खऱ्या बर्फावर करू, वरा.
हा विजेचा आहे."

तर कर्नाटक एक्सप्रेस. दोन तिकिटं,
एक खालच्या बर्थचं, तुझ्या गुडघ्यासाठी.
दिल्ली. मग काठगोदाम. मग जीप, जिथवर जाते तिथवर.
मग चार दिवस पायी.
चढाचा सराव करायला सोलापुरात चढ कुठाय?
मी रोज टॉवेल फॅक्टरीचे तीन मजले चढते,
पाठीवर सेकंड मालाचं गाठोडं.
सुपरवायझर म्हणतो, "चिलवेरीबाई, लिफ्ट आहे की."
तू निदान रेल्वेचा पूल तरी चढत जा.

बूट नवी पेठेत घेतले.
"केदारनाथ का?" दुकानदारानं विचारलं.
हो म्हटलं. ही पहिली थाप.

कडक भाकरी वीस, शेंगाचटणी एक किलो.
मंगलाष्टकं तुझ्या मोबाईलमध्ये भरून ठेव,
तिथं रेंज नाही.
अक्षता मूठभर पुरे. जास्त टाकल्या तर
बर्फावरून वेचणार कोण?

आणि अंतरपाट: नायनाची चादर.
त्याच्या मागावरची शेवटची. काठापासून वीतभर आत
एक आडवी रेघ चुकलीय, तिथं लाईट गेली होती.
नंतर माग भंगारात गेला, किलोच्या भावानं.
एक टोक गाईड धरेल.
दुसरं कुऱ्हाडीला बांधू, बर्फात रोवून.
वारा असेल तर चादर फडफडेल,
मग मधूनमधून दिसशील तू मला. चालतंय.

हसू नकोस.
मला ठाऊक आहे, आता आपल्याला कुणी अडवत नाही.
तुझा भाऊ टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला,
"कर की, कोण नको म्हणतंय?"
ह्याच भावानं तुझी सायकल फोडली होती,
दाजी पेठेच्या तोंडाशी, बावीस वर्षांपूर्वी.
तेव्हा तू एक नंबर फलाटावर
दोन गाड्या जाऊ दिल्यास.
मी आलेच नाही. घरात होते,
पिशवी भरून, चपला घालून, दाराच्या आत.

ते पळणं माझ्याकडे बाकी आहे.
हॉलमध्ये लग्न करून ते फिटायचं नाही.

शाळेत भूगोलाच्या बाईंनी सांगितलं होतं:
हिमनदी चालते, पण इतकी हळू
की शेजारी उभ्या माणसालाही तिचं निघणं कळत नाही.
तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं.

रजेचं काय झालं?
मालक म्हणाला असेल, ऐन मे महिन्यात बर्फवाल्याला रजा?
बरोबर आहे त्याचं. लिंबूसरबतवाले, मासळीवाले,
लग्नाचे मांडव, सगळे तुझ्या जिवावर.
मग सप्टेंबर धरू, पाऊस ओसरल्यावर.
त्यापुढे नाही ढकलायचं.
गाईड फोनवर सांगत होता,
त्याच्या वडिलांच्या वेळी ती जिथं सुरू व्हायची
तिथं आता नुसते दगड आहेत,
दरवर्षी थोडी थोडी मागे जाते.

निघताना अम्मा दारातून विचारेलच,
"एक्कड पोतुन्नावे?"
निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारू नये,
तिला कितीदा सांगितलं.
ह्या वेळी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून सांगेन,
"पेळ्ळिकि." लग्नाला.
कुणाच्या ते ती विचारणार नाही,
स्वेटर घेतलास का, एवढंच विचारेल.

ऊठ आता. लादी सुटायला लागलीय.
आणि तो गुडघा दाखव डॉक्टरला,
ह्याच आठवड्यात.